दाजी, तुमच्या गाडीचं तेल कमी होत नाही

सेंत-एलोडी,
१९ फेब्रुवारी

ती. दोना दाजी यांना,

गाएतांचा मनापासून नमस्कार, आणि रोलांद ताईला वेगळा, कारण एकाच नमस्कारात दोघांना गुंडाळलेलं तिला चालत नाही. फ्लोरिडाच्या उन्हात तुमचा गुडघा पुन्हा वाकायला लागल्याचं कळलं, बरं वाटलं. इकडे सगळे ठीक. थंडी उणे एकतीस, म्हणजे गेल्या आठवड्यापेक्षा सुसह्य. तुमच्या छपरावरचा बर्फ दोनदा उतरवला. तुमचं मांजर आमच्याकडे जेवतं आणि झोपायला तुमच्या शेडमध्ये जातं.

तुमच्या बर्फावरच्या गाडीबद्दल, स्नोमोबाईलबद्दल, तुम्ही विचारलंत. गाडी आहे. नोव्हेंबरात निघताना तुम्ही किल्ली माझ्या हातात ठेवून दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: गाड्यांच्या आशीर्वादाच्या रविवारी आपली गाडी गेल्या एकोणीस वर्षांसारखी याही वर्षी रांगेत पुढे राहिली पाहिजे, आणि तेल बघत जा. दुसरी गोष्ट मला सोपी वाटली होती. पहिलीची मात्र धास्ती होती, कारण तुमच्या शेजारच्या क्लोव्हिसने डिसेंबरात नवी कोरी गाडी आणली. पवित्र पाणी शिंपडून झाल्यावर जो गोठलेल्या तळ्यातल्या बेटावरच्या क्रुसाशी आधी पोचेल, त्याच्याच गाडीला परतताना आपल्या चर्चचा, पॅरिशचा झेंडा लागणार, हा नियम क्लोव्हिसला नव्या गाडीच्या कागदांबरोबरच मिळाला असावा, इतक्यांदा तो मला वाचून दाखवत होता. “दोनाची गाडी आता म्हातारी झाली रे, तिला मागे शांतपणे येऊ दे,” असं तो दुकानात चारचौघांत म्हणाला. तेव्हा तुमच्या इभ्रतीसाठी (ताई शेजारी असेल तर हे वाक्य मनात वाचा) मी तुमच्या गाडीला टर्बो बसवला.

टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो आणि स्वतः इंजिनाचंच तेल पिऊन जगतो, थोडक्यात जावयासारखा (तुम्ही सोडून). रेनाल मेकॅनिकने एका मोडीत निघालेल्या मोटारीचा काढून आणला आणि आम्ही दोघांनी तीन दिवसांत बसवला. पहिल्याच फेरीत माझी टोपी तळ्यावर उडाली, ती अजून सापडलेली नाही. दहा दिवस स्वर्गसुख होतं. अकराव्या दिवशी मागून निळा धूर यायला लागला.

रेनाल म्हणाला, पंख्याची सीलं गेली. बदलली. दोन दिवस बरं, पुन्हा धूर. मग तो म्हणाला, पंख्याला तेल फार जोरात जातंय. बारीक भोकाचा जोड घातला. दोन दिवस बरं, पुन्हा धूर. मग त्याला दिसलं की पंख्यातून तेल परत आणणारी नळी मध्येच पोटासारखी लोंबते. हे तेल स्वतःच्या वजनानं उतरतं म्हणे, त्याला चढ चालत नाही (माझंही या वयात तेच आहे). नळी सरळ उताराची केली. दोन दिवस बरं. शेवटी इंजिनाची वाफ बाहेर सोडणारी नळी थंडीत गोठून बंद होत असेल असं ठरलं, आणि तिला आमच्या हिचा, फ्लोरेतचा लोकरी मोजा चढवला. फ्लोरेतचा एक पाय त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. धूर चालूच.

यात न उलगडणारी गोष्ट एकच होती. मी रोज संध्याकाळी फेरी मारून आलो की काडी बुडवून तेल बघायचो, आणि तेल खुणेच्या वरच. तेल जळतंय, शेडभर वास आहे, आणि कमी मात्र थेंबभर होत नाही. रेनालने काडी पुसली, टोपी मागे सारली आणि म्हणाला, “पाच भाकऱ्या आणि दोन माशांत प्रभूनं पाच हजारांना जेवू घातल्याचं ऐकून होतो. हे गॅरेजचं काम नाही गाएतां. चर्चमधून पाद्री कुरेंना बोलाव.” तेव्हा मी हसलो होतो.

आशीर्वादाचा रविवार उजाडला. चर्चसमोर त्रेचाळीस गाड्या. कुरेंनी आपल्या गाडीवर इतरांपेक्षा जास्त पाणी शिंपडलं आणि हळूच तेलाच्या टाकीच्या झाकणाकडे बघितलं, तोही मला भक्तिभावच वाटला. शिट्टी झाली. मी मूठ पिळली आणि दाजी, मागे काय झालं ते मला दिसलं नाही, पण कोणालाच दिसलं नाही. तुमच्या गाडीतून असा धूर निघाला की बेचाळीस गाड्या तळ्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. क्लोव्हिस नव्या गाडीचे दिवे लावून खोकत होता. माझ्यापुढे कोणी गेलं नाही, कारण पुढे कुठे आहे हेच कोणाला समजेना. मी क्रुसाशी एकटाच पोचलो आणि पाऊण तास बाकीच्यांची वाट बघितली. झेंडा आपल्याच गाडीला लागला. परतताना मात्र सगळ्यांनी हात जोडून मला सावकाश चालवायला लावलं, आणि मागच्या गाडीवरच्या अल्मा वहिनींचा पांढरा कोट आता पांढरा नाही.

सोमवारी सकाळी उजेड फुटताच मी शेडमध्ये गेलो, तर क्लोव्हिस तुमच्या गाडीवर वाकून फनेलनं तेल ओतत होता. त्याच्या मागे अल्मा वहिनी स्वतःचा डबा घेऊन पाळीला उभ्या.

मी विचारलं, “हे काय चाललंय?”

“तेल खाली गेलंय,” क्लोव्हिस म्हणाला. “शर्यत वेगळी, तेल वेगळं. दोनानं मला एकट्याला सांगितलंय, गाएतांच्या भरवशावर राहू नकोस म्हणून.”

“तुला एकट्याला?” अल्मा वहिनी म्हणाल्या. “मला तर शपथ घातली होती त्यानं, कोणाला बोलू नकोस अशी.”

मग मी कुरेंकडे गेलो. कबुलीजबाबात ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं, हे त्यांनी पुढे केलं, पण त्यांच्या झग्याच्या बाहीला तेल होतं. घरी आलो तर फ्लोरेत बटाटे सोलताना खाली मान घालून म्हणाली की ताईचा फोन येतो दर बुधवारी, तेल ओतलंस का म्हणून.

आता रेनालने सांगितलं ते ऐका. या इंजिनाचं तेल वेगळ्या टाकीत असतं. गाडी रात्रभर उभी राहिली की ते इंजिनात उतरून बसतं, म्हणून थंड गाडीत काडी घातली तर कमीच दिसतं. आधी इंजिन गरम करायचं, मग मोजायचं. पण अख्ख्या गावाला तुम्हीच शिकवलंय की तेल बघितल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. चारही जण रोज सकाळी थंड गाडीत काडी घालत होते आणि इमानेइतबारे अर्धा-अर्धा पेला ओतत होते. जास्त झालेलं तेल उसळून हवेच्या वाटेनं पंख्यात आणि तिथून धुरात. मी जवळजवळ चार लिटर काढलं. धूर बंद झाला. टर्बोचा काही दोष नव्हता.

मला वाईट वाटलं दाजी, ते लपवत नाही. चार जणांना तेल सांगितलंत, त्यातली एक माझ्याच घरात, आणि पाचव्याला किल्ली दिलीत.

सर्वांना यथायोग्य सांगावं. गुडघ्याला जपा.

तुमचा,
गाएतां

ता.क. एक. आज सकाळी पुन्हा तेल वर आहे. चौघांनाही थांबायला सांगितलं, पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय थांबणं त्यांना विश्वासघात वाटतो. कृपया फोन करा, चौघांना वेगवेगळा.

ता.क. दोन. गाडी परत मागाल तेव्हा टर्बो काढून देईन. खरं तर काढायचा नाही, हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो होतो.

ता.क. तीन. एकोणीस वर्षं मी तुमच्या मागून तळं ओलांडलं, आणि एकोणीस वर्षं मला तुमची पाठ आणि लाल दिवा एवढंच दिसलं. परवा पुढे कोणी नव्हतं. बर्फावर एकही खूण नव्हती. पुढच्या वर्षीही मलाच चालवू द्या. तुमचा गुडघा बरा झाला तर मागे बसा, पण तेलाला हात लावू नका.