कोणाचं पान कोणाला

३ मार्च, मंगळवार

नवी भाषा शिकायची म्हणजे शिकायचीच — सूनबाईंचा हुकूम!

दातांच्या दवाखान्याची वेबसाइट मी लिहिली त्याला किती तरी वर्षं झाली. पेशंट आपापल्या पानावर येतो, पुढची वेळ बघतो, डॉक्टरीणबाईंचा शेरा वाचतो, जातो. कधी कुरकुर नाही. पण ज्या सर्व्हरवर ती चालते तो बंद होणार, म्हणून सगळं कॉम्प्युटरच्या नव्या भाषेत लिहायचं. मला वाटलं, ही लिहील, मी चहा करून देईन. तर म्हणते कशी, "आई, चहा मी करते. लिहायचं तुम्ही."

४ मार्च, बुधवार

कंस, कंस आणि कंस! डोळे गरगरले.

मागच्या खोलीत एकाच टेबलाशी आम्ही दोघी. माझ्या कीबोर्डला ती बोटसुद्धा लावत नाही. माझं चुकलं की नुसती घसा खाकरते. आज दिवसभर तिला खोकलाच झाला होता म्हणायचा.

६ मार्च, शुक्रवार

जमतंय! लॉगिनचं पान चाललं. "आई, भारी!" म्हणाली आणि चक्क टाळी मागितली. मुलाला फोन करून सांगितलं. तो बाहेरगावी नोकरीला. याही आठवड्यात येत नाहीये. "हं, छान" म्हणाला. त्याला यात काडीचा रस नाही. नसू दे.

खरं सांगायचं तर मलाही या भाषेची हौस नाही. मला हिच्या शेजारी बसायचंय, बस्स. मी मागे पडले तर ही तोंडाने एक शब्द बोलणार नाही, पण एक दिवस कोणी तरुण जोडीदारीण शोधेल कामाला. आणि मग मी काय करू दिवसभर? हिची बडबड नसली की घर खायला उठतं मला.

९ मार्च, सोमवार

सकाळी नवी साइट सुरू केली. मी स्वतः दहादा तपासली होती, सगळं चोख.

दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन. आवाज थंडगार. बॉक्सिंग शिकवणारे एक दांडगे गृहस्थ त्यांचे पेशंट आहेत. त्यांनी आपलं पान उघडलं तर त्यावर — "शाब्बास छकुले! आज अजिबात रडली नाहीस. तुला एक चांदणी." त्यांनी दवाखान्यात फोन करून विचारलं म्हणे, "चांदणी घ्यायला कधी येऊ?"

एवढंच असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण तिकडे छकुलीच्या आईला या बॉक्सिंगवाल्यांचा शेरा दिसला — हिरडीत गाठ आहे, तुकडा तपासायला पाठवलाय. आपल्या लेकीचंच समजून बिचारी रडत दवाखान्यात धावली.

"एकाचं दुखणं दुसऱ्याला दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साइट बंद करा आधी. उद्या संध्याकाळपर्यंत नीट झाली नाही तर मी दुसरं कोणीतरी बघते."

बरोबरच आहे त्यांचं. साइट लगेच बंद केली.

१० मार्च, मंगळवार

सापडलं. माझीच करामत!

सध्या कोणता पेशंट पान बघतोय, हे मी फाइलच्या अगदी वर एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे जणू फळ्यावर, लिहून ठेवलं होतं. जन्मभर तसंच करत आले. जुन्या भाषेत पान दाखवून झालं की सगळं आपोआप पुसलं जातं. पुढच्याला कोरा फळा. इथे प्रोग्राम बंदच होत नाही. फळा एकच, सगळ्यांचा! बॉक्सिंगवाल्यांचं नाव लिहिलं, त्यांची माहिती यायला जरा वेळ लागला, तेवढ्यात छकुली आली आणि तिने आपलं नाव त्यावर लिहिलं. दुसऱ्या खेपेला उलटं. मी तपासताना एकटीच होते, मग गर्दी होणार कुठून?

म्हटलं, "तू लिहून टाक गं. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"लिहीन की," ती म्हणाली. "पण दवाखान्याचं सगळं तुमच्या डोक्यात आहे. मी मोडून ठेवीन काहीतरी. तुम्ही सांगा, कुठून सुरुवात करायची?"

मी सांगत गेले आणि सांगता सांगता लिहीतही गेले. पेशंट वर कुठे टांगून ठेवायचा नाही. जो पान मागतो त्याची ओळख त्याच्या मागणीबरोबरच पुढे द्यायची, एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे, हातोहात. मग दोघींनी दोन पेशंट म्हणून लॉगिन केलं आणि "एक, दोन, तीन!" म्हणून एकदम बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. शाळकरी पोरींसारख्या खिदळत होतो. ज्याचं पान त्याला!

डॉक्टरीणबाईंना फोन तिनेच केला. "चूक दोघींची आहे," म्हणाली. "त्यांनी लिहिलं ते मी नीट वाचायला हवं होतं."

माझ्या पोटची असती तरी इतकी आवडली नसती.

१२ मार्च, गुरुवार

तक्रार नाही. बॉक्सिंगवाल्यांची गाठ साधी निघाली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खरीच चांदणी चिकटवली, थेट कपाळावर!

१४ मार्च, शनिवार

मुलगा आला. न कळवता. दोघं खोलीत बराच वेळ बोलत होती. आवाज चढला नाही कुणाचा. जेवून लगेच निघाला. जाताना माझ्या पाया पडला. असं कधी करत नाही.

१६ मार्च, सोमवार

सकाळी आम्ही टेबलाशी बसलो. तिने कॉम्प्युटर सुरूच केला नाही. म्हणाली, "आई, आम्ही दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलंय. भांडण नाही. पण नाही जमत हो." मी काही बोलायच्या आत, खाली बघत — "मी राहायला दुसरीकडे जाईन. पण कामाला रोज इथे आले तर चालेल का तुम्हाला?"

मला विचारते. मला!