ठिपका थांबला तर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बावन्न, व्यवसाय वार्ताहर, स्थितप्रज्ञ नसले तरी पूर्ण शुद्धीवर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, आमिषही दाखवलेलं नाही. दमलेली मात्र आहे, आणि दमलेल्या माणसाचं मृत्युपत्र त्या कारणाने रद्द ठरत नाही, याची वकीलबाईंकडून खात्री करून घेतली आहे. न्यायालयाच्या बातम्या देण्यात माझं आयुष्य गेलं. काहीच लिहून न ठेवता गेलेल्यांची भावंडं एकाच बाकाच्या दोन टोकांना कशी बसतात, ते पुष्कळ पाहिलं. म्हणून हा खटाटोप. माझ्या पश्चात याची अंमलबजावणी वकीलबाईंनीच करावी.

निमित्त नव्या घड्याळाचं. धावण्यासाठीचं माझं जुनं घड्याळ कुठून, किती आणि किती वेगाने धावले, एवढंच सांगायचं. पण डॉक्टरांनी माझ्या हृदयाचा आलेख पाहून "तसं काळजीचं काही नाही" असं ज्या चेहऱ्याने म्हटलं, तो चेहरा मी निकाल वाचण्याआधी न्यायाधीशांचा पाहिलेला आहे. "धावणं सोडा असं म्हणत नाही," ते म्हणाले, "पण ठोक्यांवर लक्ष ठेवणारं घड्याळ घ्या." घेतलं. आता ते रोज सकाळी मला कळवतं की तुमची झोप नीट झालेली नाही. जणू मी तिथे नव्हते.

कलम एक. राहतं घर माझ्या धाकट्या बहिणीला. मागच्या खोलीची खिडकी आधी किंचित वर उचलून मगच ओढावी, नाहीतर निखळून हातात येते. असलं मृत्युपत्रात लिहीत नाहीत, पण धाकटीचा स्वभाव मला माहीत आहे.

कलम दोन. बँकेतली शिल्लकही तिलाच. वार्ताहराची शिल्लक ती केवढी, हे आमच्या संपादकांना विचारावं. ते हसतील.

कलम तीन. त्याच संपादकांना माझा संस्कृत शब्दकोश. "बाई, वाचकाला कळेल असं लिहा" हे त्यांनी मला जन्मभर ऐकवलं. शब्दकोश उशाला घ्यावा, उघडण्याची सक्ती नाही.

कलम चार. धावायचे बूट कोणालाही देऊ नयेत. ते ज्याच्या त्याच्या चालीप्रमाणे झिजतात, दुसऱ्याच्या पायाला फक्त फोड आणतात. जुनं घड्याळ डॉक्टरांना द्यावं. ते ठोक्यांविषयी अवाक्षर काढत नाही.

कलम पाच. राग. जपून ठेवलेला असा एकच आहे, आणि तो वारसाहक्काने कोणाला जाऊ नये म्हणून इथेच निकालात काढते. धाकटी आणि मी एके काळी बरोबर धावायचो. एका लांबच्या शर्यतीत माझ्या पोटरीत गोळा आला. मी म्हटलं, "तू जा पुढे." आणि ती गेली! आता, "जा" म्हणायची एक रीत असते. "थांब" म्हणायची वेळ येऊ नये म्हणून माणूस "जा" म्हणतं. मी लंगडत पोहोचले तेव्हा ती गळ्यात पदक घालून उभी. म्हणते, "काय गं ताई, केवढा उशीर!" त्यानंतर मी एकटी धावू लागले. पुढे गुडघ्यामुळे तिचं धावणंच सुटलं. ती तीन गल्ल्या सोडून राहते. तरी आमचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

कलम सहा. नवं घड्याळ सुरू करताना विचारतं, जुन्यातलं सगळं नव्यात घ्यायचं का? असं विचारल्यावर वाचत कोण बसतं? मी "हो" दाबलं. त्या "सगळं"मध्ये आमच्या जोडीने धावण्याच्या दिवसांतली एक सोय होती. मी धावायला लागले की धाकटीच्या फोनवर नकाशा उमटायचा आणि त्यावर मी, म्हणजे सरकणारा ठिपका. रागाच्या भरात ती मी बंद केली होती. नव्या घड्याळाने ती मला वेगळं न विचारता चालू केली.

याचा मला पत्ता नव्हता. मग एका रविवारी, लांब पल्ला धावताना, कालव्याकाठच्या बाकावर बसले. ठोके ठीक होते. नुसता कंटाळा आला होता, सगळ्याचाच. घड्याळ थांबवायचंही भान राहिलं नाही. बराच वेळ गेला आणि पुलावरून कोणीतरी धावत येताना दिसलं. अंगावर घरातले कपडे, पायांत स्लिपर, अर्ध्या केसांना रंग फासलेला. धाकटी.

"बसलीयेस तू?" ती लांबूनच ओरडली.

"बसलेय."

"अगं, जीव गेला माझा! ठिपका हलेना, फोन उचलत नाहीस…"

"धावताना त्याचा आवाज बंद असतो. कसला ठिपका?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. कालवा, पूल आणि काठावर मी, निळी.

"महिनाभर रोज सकाळी येतोय," धापा टाकत ती म्हणाली. "मला वाटलं, तूच पाठवतेस. वाटलं, गेला एकदाचा ताईचा राग."

खुलासा माझ्या अगदी ओठांवर होता. तिच्या कपाळावरून रंगाचा ओघळ भुवईपर्यंत आला होता.

"मीच पाठवते," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "त्या दिवशी थांबली का नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, जा! जन्मात एकदा तुझं ऐकलं, तेही चुकलं?"

तिचा युक्तिवाद मला मान्य आहे. सबब तो राग रद्द समजावा. आणि खुलासा इथे करते: तो महिनाभर ठिपका घड्याळाने पाठवला होता, मी नाही. त्या रविवारपासून मात्र मीच पाठवते आहे. वाचताना धाकटीने चिडू नये.

कलम सात. नवं घड्याळ धाकटीला. आणि एक सूचना. कधीतरी ठिपका थांबेल आणि कितीही फोन केले तरी हलणार नाही. तेव्हा तिने धावत येऊ नये. गुडघा सांभाळावा, केस नीट धुवावेत, पायांत बूट घालावेत आणि चालत यावं. मी तिथेच असेन.

साक्षीदार (दोघांनी मला सही करताना पाहिलं, मजकूर वाचलेला नाही):
१. शेजारचे दंतवैद्य, सकाळी इथेच फिरायला येणारे (सही)
२. कालव्याकाठी धावताना भेटणाऱ्या लेखापालबाई, ऊर्फ कासव (सही)

लिहून ठेवणार: थोरली (सही)

स्थळ: कालव्याकाठचा तोच बाक.
दिनांक: रविवार, लांब पल्ला अर्धवट सोडून.

ता. क. साक्षीदारांच्या सह्या होईपर्यंत धाकटीचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा उचलला.