तीन तिकिटं, एक केबिन

११ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. नमस्कार उभ्या उभ्याच करते आहे. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय आणि त्याच्या काचा अजून फ्रेममध्ये बसायच्या आहेत.

पत्र पाहून दचकू नका. फोनवर बोलायचं तर तुमच्या दोन खोल्यांत दादाला सगळं ऐकू जातं, आणि आपण त्याच्याविषयी बोलतोय हे कळलं की तो उशी फेकतो, हे तुम्हीच सांगितलंत. म्हणून यापुढे कागदावरच भांडू.

बातमी अशी, की आपली एप्रिलची क्रूझ रद्द झाली. जहाजाच्या इंजिनात मोठा बिघाड आहे म्हणे. खरं सांगू? मी दुकानातच टाळी वाजवली. नोव्हेंबरात दादाला झटका आला, उजवी बाजू आणि बोलणं गेलं, तेव्हापासून एप्रिल जवळ येतोय या विचाराने माझा जीव वरखाली होत होता. आता आपल्यावर रद्द करायची पाळीच आली नाही. कंपनी म्हणते, एक तर पूर्ण रिफंड घ्या, नाहीतर त्यात पाव हिस्सा वाढवून क्रेडिट घ्या आणि दोन वर्षांत कुठल्याही सफरीला वापरा. बुकिंग एकच आहे, तेव्हा तिघांनी मिळून मार्चअखेर कळवायचं.

यात विचारायचं ते काय? क्रेडिटच! दोन वर्षांत दादा डेकवर नुसता चालणार नाही, मला पळवेल. लहानपणी आम्ही पलंगाचं जहाज करायचो, तेव्हापासूनचं ठरलंय हे. शिवाय तो म्हणायचा ना, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून लोकांना वर-खाली नेलं, आता एकदा सपाट जायचंय. तुमचा होकार आला की लगेच कळवते.

लोभ असू द्या, आणि उत्तराला तरी उशीर नको.
तुमची भिंगरी

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि हे पत्र एका जागी बसून वाचशील तर आणखी एक.

इकडचं बरं आहे. हे आता खुर्चीत तासभर बसतात. सूप डाव्या हाताने पितात, त्यातलं निम्मं तोंडात जातं. बोलायला शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा येते. सध्या ह्यांना एकच शब्द येतो, हो. भूक आहे का, हो. नाही का, हो. दुखतंय का, हो. मी चेहरा बघून ओळखते, कधी चुकते. मला एका दवाखान्याचे पडदे शिवायला आलेत, तेवढाच विरंगुळा.

क्रूझचं म्हणशील तर रिफंड घेऊन टाकू. कंपनीचे निरोप माझ्याही फोनवर येतात, तुमचं निळं स्वप्न तुमची वाट पाहत आहे म्हणून. मी ते पुसते आणि ह्यांचे पाय चोळायला घेते. ह्या घरात आधीच खूप गोष्टी माझी वाट पाहत उभ्या असतात गं. एक तरी कमी होऊ दे. दोन वर्षांनी काय होईल हे डॉक्टरही सांगत नाहीत, मग आपण कशाला त्याची तारीख घेऊन बसायचं?

तू जेवणाच्या वेळेला जेवतेस ना? की अजून उभ्यानेच बिस्किटं खातेस? रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र टाकायला विसरू नकोस.
तुझी वहिनी

२७ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. आज विनंती कमी आणि विशेष जास्त आहे.

तुमचं पत्र वाचलं, घडी घातली, परत उघडलं. इतक्यांदा, की मालकांनी विचारलं, स्वतःचाच नंबर तपासतेस का. वहिनी, रिफंड मागायचा म्हणजे दादा आता कुठे जायचा नाही हे तुम्ही ठरवूनच टाकलंत. परक्या माणसाने असं म्हटलं असतं तर मी समजू शकले असते. तुम्ही कशा म्हणता? तो अजून पुरता सावरलाही नाही आणि तुम्ही त्याचं दप्तर आवरून ठेवताय.

आमच्याकडे एक शिक्षक येतात. त्यांना असाच झटका आला होता. परवा सायकलवरून आले आणि नवी फ्रेम घेऊन गेले. त्यांच्या बायकोने धीर सोडला नव्हता. मी यापेक्षा जास्त लिहीत नाही.

क्रेडिटच घ्यायचं. मी सही करणार नाही दुसऱ्या कशावर.

लोभ सध्या रुसून बसलाय. तुमचं पत्र आलं तर बघू.
भिंगरी

६ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

शनिवारच्या गाडीने ये आणि आठवडाभर राहा. ह्यांच्या खोलीत तू झोप, मी बाहेर मशीनपाशी झोपेन. त्यानंतर तू म्हणशील तिथे मी सही करीन, शब्द देते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, म्हणजे मागाहून दुसरीकडून कळायला नको. मला पाण्याची भीती वाटते. पुलावरून जाताना मी डोळे मिटते. तुम्ही दोघं बहीणभाऊ त्या सफरीबद्दल इतके रंगून बोलत होतात की मी हो म्हटलं आणि गप्प बसले. ह्यांनाही माहीत नाही. पण त्यासाठी मी रिफंड मागतेय असं समजू नकोस. तसं असतं तर फार सोपं झालं असतं.

येताना जाड मोजे आण, इथली फरशी गार आहे.
तुझी वहिनी

१९ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. सुखरूप पोहोचले. गाडीत बसायला जागा मिळाली, पण बसवलं नाही. दोन डब्यांच्या मध्ये उभी राहिले सगळा रस्ता.

पहिल्या सकाळी दादाला उठवताना मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, चल, लाव जोर. तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. तो जोर लावतच होता, वहिनी. सगळा. मला कळलंच नव्हतं. मग तुम्ही आलात, त्याच्या काखेत खांदा दिलात, काहीतरी पुटपुटलात आणि तो उभा राहिला. मी बाजूला उशी धरून उभी. उशी कशाला धरली होती देव जाणे.

त्याच्या शर्टांची बटणं काढून तुम्ही आतून वेल्क्रोची पट्टी शिवलीत, आणि वरून तीच बटणं पुन्हा टाचलीत, चारचौघांत कुणाला कळू नये म्हणून. हे मला तुम्ही सांगितलं नाहीत, धुणं वाळत घालताना मीच पाहिलं. आणि मी तुम्हाला धीर सोडला म्हणून लिहिलं होतं.

दुसरंही एक पाहिलं. तुम्ही जेवताना अर्ध्याच खुर्चीवर बसता. एक पाय सदा उठायच्या तयारीत. मी काही आणायला उठले की तुम्ही माझ्या आधी स्वयंपाकघरात. भिंगरी मला म्हणतात, पण गरगर तर तुम्ही फिरताय. थांबलात तर पडाल अशी भीती वाटली मला.

रिफंड घ्या. तिघांचाही. मी भांडणार नाही. फक्त कंपनीला फोन तुम्ही करा, माझ्याने होणार नाही.

लोभ परत आलाय, त्याला आता घरातच ठेवून घ्या.
तुमची भिंगरी

२८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. खुर्ची घे आणि मग वाच.

सोमवारी कंपनीला फोन लावला. मुलगी गोड बोलणारी होती. तिने विचारलं, तिघांचीही संमती आहे ना. मी म्हटलं, आमचे हे बोलू शकत नाहीत, पण आहे असंच धरा. तेवढ्यात मागून धाडकन आवाज. ह्यांनी पाण्याचं भांडं टेबलावर आपटलं होतं. मला वाटलं हातातून सुटलं. तर परत उचलून आपटलं, आणि म्हणाले, नाही.

भिंगरी, नाही म्हणाले! स्वच्छ, खणखणीत. चार महिन्यांत हो सोडून पहिला शब्द. मी फोन हातात धरून रडायला लागले. ती मुलगी बिचारी घाबरून विचारतेय, मॅडम, रिफंड नको आहे का? मग तिनेच सांगितलं की बुकिंग एक असलं तरी प्रत्येक तिकिटाचा निर्णय वेगळा घेता येतो. फक्त क्रेडिट ज्याच्या नावावर, त्यालाच वापरता येतं, दुसऱ्याला देता येत नाही. मी म्हटलं, नंतर कळवते.

दिवसभर मी विचारत बसले. क्रेडिट हवंय? नाही. रिफंड हवाय? नाही. जायचंय? नाही. नवा शब्द मिळालाय तर वापरून घेतायत असं वाटलं. शेवटी बोलायला शिकवणाऱ्या बाईने डाव्या हातात पेन्सिल दिली. रोज एखादी ओळ, घामाघूम होऊन. मी अक्षर सांगायला गेले की कागद झाकत होते, शाळेतल्या पोरासारखे. पत्र तुला आहे म्हणाली ती बाई, म्हणून मी न वाचता पाठवणार होते. पण वाचलं. आता तूच त्यांना समजाव. मी ह्यांना सोडून कुठेही जाणार नाही.
तुझी वहिनी

(सोबतचा कागद)

भिंगरे,
माझ्या तिकिटाचा रिफंड घे. तुमच्या दोघींचं क्रेडिट घे. दोघी जा.
लिफ्ट अडकली तर आतल्या माणसाला आधी विचारतात. मला कोणी विचारलं नाही.
तुम्ही फार फिरता. डोकं गरगरतं. मला आठ दिवस मोकळं सोडा.
तिला पाण्याची भीती आहे. मला माहीत आहे. हात धर.
दादा

११ ऑक्टोबर, जहाजावरून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग म्हणजे काय ते इथे आपोआपच होतं, जहाज जरा कललं की पुरे.

तुझ्या हुकुमाप्रमाणे आम्ही दोघी आलो. सहा महिने तुझी बायको रोज नाही म्हणत होती आणि तू रोज तिच्यापुढे तोच कागद सरकवत होतास. शेवटी तुझा लिफ्टच्या कामातला जुना जोडीदार आपली गादी घेऊन तुमच्याकडे राहायला आला तेव्हा कुठे ती बॅग भरायला बसली.

पण येऊन काय केलं म्हणशील तर काही नाही. पहिले दोन दिवस ती केबिनच्या बरोब्बर मध्ये बसून होती, खिडकीपासून आणि दारापासून सारखीच लांब. तिसरा पलंग तिने पहिल्याच दिवशी उशा रचून भरून टाकला, रिकामा बघवेना म्हणून. सारखा फोन. तुझ्या जोडीदाराने शेवटी सांगितलं, दर तासाला घंटा वाजली तर आम्हाला पत्त्यांत लक्ष लागत नाही. त्यावर ती रुसली. मग समुद्रात फोन लागेनासा झाला, तेव्हा तिची घालमेल बघवत नव्हती. हातांना काम हवं म्हणून तिने केबिनच्या पडद्याची उसवलेली कड शिवून काढली. सफाई करणाऱ्या बाईने आम्हाला वेड्यात काढलं असणार.

काल मी तिचा हात धरून डेकवर नेलं. डोळे मिटून आली, खुर्चीत बसली, कठडा दिसू नये म्हणून मान वळवली, आणि तशीच झोपली. दादा, अशी झोपली! तोंड उघडं, एक चप्पल पायातून गळलेली. दुपारी ते बेट आलं, ज्याच्यासाठी आपण ही सफर निवडली होती. सगळे कठड्याशी धावले, कॅमेरे निघाले, भोंगा वाजला. मी तिच्या शेजारी बसून राहिले. उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मानही वळवली नाही, खुर्ची करकरली असती. बेट गेलं. मी एका जागी इतका वेळ कधी बसले नसेन.

जागी झाल्यावर ती माझ्यावर इतकी चिडली की विचारू नकोस. काल रात्रीपासून अबोला आहे. आता टेबलापलीकडे बसून काहीतरी लिहितेय आणि मला दिसू नये म्हणून हाताने झाकतेय. तुझंच वळण!

हात धरलाय अजून, काळजी नको. लोभ आहेच, जास्तीचा उरला तर जोडीदाराला दे.
तुझी भिंगरी

११ ऑक्टोबर

अहो,
मायना काय लिहायचा कळत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. कधी लांब गेलेच नाही मी.

फोनवर सांगता येणार नाही म्हणून लिहिते. काल मी डेकवर झोपले. भिंगरीने उठवलं नाही, त्यावरून तिला खूप बोलले, पण रागाचं खरं कारण तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

जाग आली तेव्हा मला काही आठवेना. मी कुठे आहे, दिवस कुठला, काही नाही. समोर नुसतं पाणी, आणि मला भीती वाटली नाही. कुणाचं औषध द्यायचं नव्हतं, कुणाला उठवायचं नव्हतं. तुम्हीही आठवला नाहीत. थोडाच वेळ, पण नाही आठवलात. इतकं हलकं वाटलं की काय सांगू. आणि मग सगळं एकदम आठवलं, नोव्हेंबर, खुर्ची, तुमचा हात. तेव्हा मी घाबरले, पाण्याला नाही, मी इतकी हलकी होऊ शकते याला. आणि समोर भिंगरी दिसली, तिच्यावर ओरडले.

रात्रभर वाटत होतं, हे तुम्हाला कधीच कळू द्यायचं नाही. पण तुमच्याबद्दलचं सगळं तुम्हाला न विचारता ठरवायची सवय आम्हाला लागली होती, ती तुम्ही भांडं आपटून मोडलीत. म्हणून हे तुमच्यासमोर ठेवते आहे. वाईट वाटलं तर वाटू द्या. माझ्यावर रागवायचं असेल तर रागवा, त्यासाठी शब्द लागत नाहीत.

आज सकाळी आपण होऊन कठड्यापर्यंत गेले. चहा तिथेच उभ्याने घेतला. पाणी फार मोठं आहे हो. तुम्ही म्हणत होतात तसंच सपाट, पण आतून हलणारं. दोन्ही हातांनी कठडा धरला होता, मग एकाने धरला.

हे पत्र उद्या बंदरावर टाकीन, माझ्या आधी पोहोचेल. शुक्रवारी संध्याकाळी मी येते. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, पण मी बेल वाजवणार आहे. जोडीदाराला उठू देऊ नका. दार तुम्ही उघडा. वेळ लागला तरी चालेल, मी बाहेर उभी आहे.

तुमची
मी