थप्पीखालचा भुसा

४ फेब्रुवारी

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

तुझ्या डोक्याला सलाम! गोदामाची फरशी ओल धरते आणि नायट्रेट खताची ढेकळं होतात, म्हणून मी मागे रडगाणं गायलो होतो. तू लिहिलंस, लाकडाचा भुसा अंथर, आपले बाबा दुकानात मिठाच्या पोत्यांखाली अंथरायचे तसा. अंथरला. बाराशे पोत्यांच्या थप्प्या नव्याने लावल्या, एकही पोतं दगड झालेलं नाही. मॅनेजरांनी चार लोकांत पाठ थोपटली. सांडलेलं खतही आता वाया जात नाही. भुशासकट झाडून घेतो, नव्या पोत्यात शिवतो आणि परत थप्पीवर चढवतो.

आमच्या स्वयंपाकघराची आणि गोदामाची भिंत एकच, त्यामुळे दहा पावलांत कामावर पोचूनही मला उशीर कसा होतो, असं ही विचारत असते. चिमीचे पुढचे दोन दात पडले.

माया आहेच, ती पत्रातून दिसत राहू दे.

तुझा बारक्या

१३ फेब्रुवारी

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच, पण वाचून झाल्यावर बसून राहू नकोस.

तपासणी कचेरीत अकरा वर्षं टाइप करते आहे, पण कागदावर काय लिहिलंय ते कधी वाचत नाही, नुसती अक्षरं बडवते. काल खतांच्या साठवणुकीचे नियम आले, ते वाचले. नायट्रेटजवळ भुसा नको, डिझेल नको, जळणारं काहीच नको. त्यात भुसा मिसळून आग लागली तर माती टाकून विझत नाही, आणि कोंडलं तर अख्खं गोदाम उडतं. सहाव्या नियमावर माझे हात थांबले. मीठ पांढरं, खतही पांढरं, एवढ्यावर मी तुला शहाणपण शिकवलं रे.

भुसा काढ. झाडून भरलेली पोती वेगळी करून लांब ने. मागच्या दाराजवळ ट्रॅक्टरांसाठी डिझेलचं पिंप असतं असं तू मागे लिहिलं होतंस, ते हलव. धूर दिसला तर किल्ल्या, वह्या काही बघू नकोस, सगळ्यांना हाक मार आणि बायकोला नि चिमीला घेऊन पळ. आमचे साहेब म्हणतात, गोदाम सांभाळणाऱ्याच्या सहीची तक्रार आली तरच माणूस पाठवता येतो. तेवढं कर.

रागावलास तरी चालेल, पण उत्तर दे.

अक्का

१५ मार्च

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

रागावलो नाही. तू सांगितलंस आणि मी ऐकलं, लहानपणापासूनची सवय.

कडेच्या थप्प्यांखालचा भुसा उकरून काढला. आतल्या हलवायच्या तर आठ हमाल आणि रिकामी जागा हवी, दोन्ही नाही. झाडून भरलेली पोती कोणती, हे आता मलाच ओळखू येत नाही, इतकी नीट शिवली होती मी. पिंप लोळवत लांब नेलं. दोन दिवसांत परत जागेवर, कारण ट्रॅक्टर तिथेच लागतात. मॅनेजर म्हणाले, खत पेटणारं असतं तर शेतं जळली नसती का?

तक्रार पाठवली. उत्तर आलं. तपासणी पंचवीस मेला.

नोकरी सोडावी असं वाटतं. पण मी गेलो तर नवा माणूस भुसा बघून खूशच होईल. ही हलायला तयार नाही. शेगडी तेवढी भिंतीपासून लांब मांडली. मी दिवसातून पाच-सहा वेळा भिंतीला तळहात लावून बघतो, गार आहे ना. दुसरं काय करू, तूच सांग.

चिमीला ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर धाडतोय. हे पत्र तिच्याच पिशवीत आहे. भूक लागली की ती सांगत नाही, रुसते. ओळखून घे.

माझ्या वाट्याचा लोभ सध्या तिलाच दे.

बारक्या

२४ मार्च

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

चिमी सुखरूप आहे. जेवते, भांडते, माझी उशी पळवते.

तारीख अलीकडे घ्या म्हणून साहेबांना दोनदा विनवलं. तुझ्या आधी एकेचाळीस गोदामं आहेत म्हणाले. ती यादी मीच टाइप केली. तुझं नाव वर घ्यायला हात शिवशिवत होते, पण त्या एकेचाळीसांनाही लागून कुणाचं तरी स्वयंपाकघर असेलच. होतं तिथेच ठेवलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चिमी खेळून आली की खोलीच्या चारही भिंतींना हात लावत फिरते. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, बाबा बघतात. भुसा घालायची अक्कल कुणाची, हे तिने अजून विचारलेलं नाही.

तिचा निरोप आहे: आत्याच्या भिंती चारही गार आहेत, तुमची आत्ता कशी आहे ते सांगा. पत्र पोचायला नऊ दिवस लागतात, हे मी तिला सांगितलेलं नाही.

लोभाचं नंतर लिही. आधी भिंतीचं लिही.

अक्का