आटवलेलं पाणी

४ मे

आलो एकदाचा लेकीच्या घरी. खोली लहान, पण खिडकी अशी की अख्खी खाडी टेबलावर येऊन बसते. जन्मभर फळ्यावर समुद्राच्या कविता लिहिल्या, समुद्र मात्र आज शेजारी आला. जावई पाण्यात दोर सोडून त्यांवर शिंपले वाढवतो. मला काही काम आहे का, विचारलं, तर म्हणाला, बाबांनी फक्त लाटांना चाल लावावी, बाकीचं आम्ही बघतो. लेकीला सातवा महिना. नातवंडाला पहिली कविता मीच शिकवणार, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

रोजनिशीचं मागचं पान उलटायचं नाही, हा माझा जुना नियम. उलटलं की हातात मास्तराची लाल शाई येते.

८ मे

कवळी हिरड्यांना लागते, त्यामुळे शिंपले चाववत नाहीत. लेकीनं तोड काढली. शिंपले उकडायचे, ते पाणी अर्धं आटवायचं आणि मला वाटीभर द्यायचं. गर जावयाच्या ताटात. सगळा कस तुमच्याच वाटीत उतरतो, म्हणाली. तो कुरकुरला, म्हणजे मला नुसता चोथा. हसलो आम्ही.

खाडीचं पाणी चहासारखं तांबूस झालंय. वारा अगदीच पडलेला. जावई म्हणतो, वरच्या शेतांतलं खत अवकाळी पावसानं धुऊन आलंय, शहराचं गटारही इथंच सुटतं, त्यात हा उकाडा. पाणी असं माजतं कधीकधी. मला मात्र ती लांबलेली मावळतीच वाटली. बराच वेळ बघत बसलो.

१३ मे

पोट बिघडलं. डोकं जड. गंमत अशी की चौथीच्या पुस्तकातली होडीची कविता सबंध म्हणता येते, पण सकाळी आंघोळ केली का, ते आठवेना. टॉवेल ओला होता, म्हणजे केली असावी. लेक म्हणाली, वय झालं, अंगात ताकद हवी. आता वाटी दोन वेळा.

अंगणात एक पाणपक्षी आला. मान कलती, सारखी डुलत होती, कुणी पाढे म्हणायला उभं केल्यासारखी. मग उडाला आणि भिंतीवर आपटला. उठला. पुन्हा त्याच भिंतीवर.

१७ मे

आणखी पक्षी मेले. जावयानं गोणीत भरले.

जेवताना मी लेकीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली म्हणे— बाळ कधी येणार. ती आधी हसली. मग आत जाऊन रडली. रुमालाला गाठ मारून ठेवतो आता. शाळेत मुलांना हेच सांगायचो, विसरायचं नसेल ते गाठीत बांधा.

२१ मे

दोघं तपासणीला शहरात गेलीत. पाणी तपासणारी बाई येऊन गेली. लेक-जावयाचे फोन तिला लागेनात. चिठ्ठी लिहून ठेवू का, म्हणाली. मी म्हटलं, आयुष्यभर पोरांकडून पाठांतर करून घेतलंय, एक निरोप विसरतोय होय?

मग तिनं सांगितलं. पाण्याचा रंग म्हणजे सूक्ष्म शेवाळ. खतावर, घाणीवर, उन्हावर पोसलेलं. शिंपले तेच गाळून खातात, विष त्यांच्यात साठतं. वास नाही, चव नाही. उकळून जात नाही, उलट पाण्यात उतरतं. मेंदूतलं ताजं ताजं पुसून टाकतं.

पोटातल्या बाळाला? मी विचारलं. लेकीला आज थेंबही घेऊ देऊ नका, म्हणाली. उद्या बंदीचा फलक घेऊन येते.

म्हणजे वय नव्हतं. वाटी होती.

आणि लेक सकाळीच म्हणाली होती, अशक्तपणा वाटतोय, आजपासून मीही तुमच्याबरोबर वाटी—

गाठ मारली. आणखी एक मारली. दारातच बसतो. आल्या आल्या सांगायचं.

२१ मे, संध्याकाळ

दारात बसलोय. कशासाठी तरी. मुठीत रुमाल— गाठी— लेकीला काहीतरी— पाण्याचं?

होडीची कविता म्हणून पाहिली. तिसऱ्या ओळीपुढे काही नाही. ओल्या फडक्यानं पुसलेला फळा.

गाडीचा आवाज—

४ मे

आलो एकदाचा लेकीच्या घरी. खिडकीतून खाडी दिसते, मावळतीच्या रंगाची. लेकीला दिवस गेलेत, आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही. बघतो एकेकाकडे. रुमालाला या गाठी कुणी मारल्या कोण जाणे— घट्ट होत्या— सोडवल्या.

लेकीनं वाट्या आणल्या. वाफाळत्या. एक माझी, एक तिची. माझ्यासाठी थांबलीये. म्हणाली, "बाबा, तुम्ही घ्या आधी."

मी म्हटलं, "दोन जिवांची तू. आधी तू घे."

हसली. वाटी उचलून तिनं—