थोरला झाडावर नाही

...आणि ‘काम चालू आहे, पेनड्राइव्ह काढू नका’ असं पडद्यावर आलेलं असतानाच मी तो उपटला. तरी उशीर झालाच होता.

तीर्थरूप आत्या, नमस्कार पहिल्या ओळीत यायला हवा होता. घाईत राहिला म्हणून इथे घेतला. वाकून केला आहे असं समज. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढतेस, की अजून खालच्याच खोलीत झोपतेस? इकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे ही आणि मुलगी. मी आहे की नाही याबद्दल शंका आहे, आणि त्यासाठीच हे पत्र.

आपल्या घराण्याची वंशावळ मी कंप्यूटरवर करतो, हे तुला माहीत आहे. (तुझ्या लग्नाचं साल तू दोनदा बदललंस, तरी मी तोंडातून ब्र काढला नाही.) पाणीखात्यातली नोकरी सांभाळून दारोदार हिंडलो. लोक चहा देत आणि स्वतःच्या आजीचं नाव विसरत. मग माझ्या चुलतभावानं, आपल्या धाकट्यानं, माझी फाईल नेली. ‘दादा, जरा बघतो,’ म्हणाला, आणि दुप्पट करून बसला. त्याला हिंडावं लागत नाही. तो पडला दंतवैद्य. अर्धं घराणं आपणहून त्याच्या खुर्चीत येऊन आडवं होतं. माझ्यासमोर तोंड मिटणारी माणसं त्याच्यासमोर आ करतात, आणि चूळ भरता भरता पणजोबांच्या सावत्र भावंडांची नावं सांगून जातात. याला संशोधन म्हणायचं असेल तर म्हणा. परवा एका समारंभात मामेबहीण सगळ्यांदेखत म्हणाली, ‘आपलं झाड धाकट्यानं केलं ना? किती सुरेख!’ मी शेजारीच उभा होतो. तिनं आपली रिकामी प्लेट माझ्या हातात दिली.

तेव्हाच ठरवलं. त्याची फाईल माझ्या फायलीत मिसळायची आणि त्याच्या आधी सगळ्यांना आपण पाठवायची. मिसळताना यंत्र प्रत्येकाबद्दल विचारतं, की दोन्हीकडचा हा माणूस एकच का? आजोबा एकच. तू एकच. मधले काका एकच (नशीब). मी ‘होय’ दाबत गेलो. आता आजोबांचं नाव आम्हा दोघांनाही ठेवलं, यात यंत्राचा दोष नाही. तो तुम्हा भावंडांचा. माझ्या आणि त्याच्या वडिलांपैकी एकानंही माघार घेतली नाही, म्हणून आम्ही जन्मभर थोरला आणि धाकटा. जन्मसालही एकच. यंत्रानं आम्हा दोघांचा एक माणूस केला.

हे मला कळलं नव्हतं. मी फाईल सगळ्यांना पाठवून मोकळा झालो. मग घरच्या कंप्यूटरवर, ऑफिसच्या कंप्यूटरवर जुनीवर नवी चढवली, त्याच नावानं, कारण मला पसारा खपत नाही. पेनड्राइव्हवर चढत असताना सहज आपली फांदी बघितली. तिथे धाकटा हसत होता. व्यवसाय, दंतवैद्य आणि पाणीखातं. बायका दोन. त्यातली एक माझी. माझी मुलगी त्याच्या मुलांच्या रांगेत, आणि खरं सांगतो, शोभत होती. हिला दाखवलं तर म्हणाली, ‘बरं झालं. माझी दाढ घरातच बघून होईल.’

यापुढचं जास्त लागलं. सगळ्यांची उत्तरं आली. झाड छान, रंग छान, धाकट्याचा फोटो तर फारच छान. धाकट्याच्या दोन बायका मधल्या काकांच्या लक्षात आल्या; त्यांनी अभिनंदन करायला धाकट्याला फोन केला. पण आत्या, थोरला कुठे आहे, असं एकानंही विचारलं नाही.

तुझा,
थोरला (होतो)

ता. क. तुझ्या आतल्या खोलीतल्या कंप्यूटरवर मी माझी जुनी फाईल ठेवून गेलो होतो. त्यावर चादर आहे, चादरीवर तुझं शिवणकाम. पेनड्राइव्ह आता उघडत नाही, तेव्हा तेवढी एकच प्रत उरली. शोधून पाठव. धाकट्याला बोलावू नकोस. त्याच्याशिवाय तुला कंप्यूटर सुरू करता येत नाही हे मला ठाऊक आहे. तरी बोलावू नकोस.

आणखी एक. यंत्रानं शेवटी विचारलं होतं की दोन फोटोंपैकी कोणता ठेवू. मी त्या वेळी नीट पाहिलं नाही, असं हिला सांगितलं आहे. पाहिलं होतं. तो बरा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी. पाकीट चिकटवायच्या आत धाकटा आला. काकांच्या फोनवरून त्याला सगळं समजलं होतं. माझी मूळ फाईल त्यानं वेगळी जपून ठेवली होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘दादाची. हात लावू नये.’ ती त्यानं परत चढवली, हिची दाढ बघितली, चहा न घेता गेला. झाडावर मी पुन्हा आहे, त्याच्या आधी. माझा फोटोही परत आला आहे. तुझ्याकडे एखादा बरा असेल तर पाठव.