थकली आहे, एवढंच

वादी अदाई, मस्कत
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५, दुपार

प्रिय ललिता,
सप्रेम जय भीम.

आईंच्या डोळ्याची पट्टी निघाली का? इथली हवा आता बरी आहे. तूरडाळ संपली होती, रुवीच्या बाजारातून आणली. फोनवर तू विचारतेस आणि मी ‘ठीक’ म्हणून मोकळा होतो, म्हणून लिहायला बसलो. शेजारचा रमण उद्या नागपूरला निघतोय, पत्र त्याच्याकडे देईन.

आपल्या प्रणालीची उद्या उंच उडीची स्पर्धा. एक मीटर सत्तर पार केलं तर पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रात जागा, हे तुला माहीत आहेच.

माहीत नाही ते असं. दहा दिवसांपूर्वी तिचा डावा घोटा दुखावला. डॉक्टरांनी हाडाला बारीक चीर सांगितली, सहा आठवडे उडी बंद. ती रडली. “पप्पा, प्लीज, मॅडमना नका सांगू. फक्त शुक्रवारपर्यंत.” मी रिपोर्ट गाडीच्या कप्प्यात टाकला.

तिच्या कोच डानुते मॅडम सरावाआधी मुलींना अनवाणी, डोळे मिटून, उडीच्या पायावर मिनिटभर उभं करतात; प्रणालीचा तो डावाच. मंगळवारी प्रणाली वीस सेकंदांतच डगमगली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “काल रुवीत फार फिरलो, थकली आहे, एवढंच.”

काल सराव संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. लिथुआनियात, चोविसाव्या वर्षी, दुखऱ्या घोट्यात इंजेक्शन घेऊन त्या एक मीटर ब्याण्णव उडाल्या होत्या. आयुष्यातली सर्वांत उंच उडी, आणि शेवटची. मग दोन ऑपरेशनं, मग शिकवणं, देश बदलत बदलत इथवर. त्या उडीचा फोटो त्या भिंतीवर लावत नाहीत. गादीवर ताडपत्री ओढता ओढता म्हणाल्या, “लोकांनी माझ्या कोचना विचारलं होतं. ते म्हणाले, थकली आहे.”

तरीही मी रिपोर्ट कप्प्यातच राहू दिला, ललिता.

आज शाळेतून आल्यावर प्रणाली कठडा धरून एकेक पायरी चढत होती. मी वरून पाहतोय हे तिला कळलं नाही. दारात मात्र ताठ चालत आली.

रिपोर्टचा फोटो मी मॅडमना पाठवला आणि मग हे लिहायला घेतलं. वाचल्याच्या निळ्या खुणा केव्हाच आल्या, उत्तर नाही.

आत तिचा फोन वाजला. “यस मॅम,” म्हणाली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आता दार उघडेल. हे पत्र पोचण्याआधी, माझ्यावर चिडून केलेला तिचा फोन तुला येऊन गेला असेल. तू तिची बाजू घेतली असशील, तर बरं केलंस.

तुझा,
दहा दिवस ‘ठीक’ म्हणणारा
धम्मदीप